ज्यानें वसविलें त्यानेंच उठविलें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर पाहावें मोडून, असें मात्र कोणी म्हटलेलें नाहीं. तथापि राज्यकर्त्यांवर तोही प्रसंग येतो. ज्या भूमीवर आपण होऊन प्रजेस नेऊन वसविलें, जेथें रस्ते, पाणी व पहारे पुरविले, आणि जेथें राहणें हीच देशसेवा असें वर्षानुवर्षें शिकविलें, तेथूनच त्या प्रजेस उठविण्याची वेळ आली म्हणजे तो निर्णय कोणीं करावयाचा? मुख्य प्रधानानें, त्याच्या पक्षानें, विधिमंडळानें, कीं साऱ्या मतदारांनीं? इ. स. २००५ च्या ऑगस्ट महिन्यांत इस्रायल सरकारनें गाझा पट्टींतील २१ व पश्चिम तीराच्या उत्तर भागांतील ४ वसाहती उठविल्या. त्या मोहिमेच्या लष्करी बाजूचा विचार आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. तिच्या मागें सुमारें पावणेदोन वर्षें जें घरगुती राजकारण चाललें होतें, त्याकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कारण वरील प्रश्न त्या राजकारणांत जितका उघडा पडला, तितका लोकसत्ताक राष्ट्रांच्या इतिहासांत क्वचितच पडतो. हा देश आपणांस सर्वस्वी परका आहे असेंही नाहीं. कोंकणांतील आपले शेजारी बेने-इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें तिकडे गेले, आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद इत्यादि नगरांतील त्यांच्या घरांतून मराठी बोलली जात आली आहे. त्या देशाच्या मतदारांत आपल्या या भाषाबंधूंचीही गणना होते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९६७ च्या जून महिन्यांतील सहा दिवसांच्या युद्धांत गाझा पट्टी इजिप्तच्या हातून इस्रायलच्या हातीं आली. सुमारें ३६५ चौरस किलोमीटरांचा हा समुद्रकांठचा चिंचोळा तुकडा. त्यांत १९४८ सालीं घरेंदारें गमावलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांची दाट वस्ती. तेथें यहुदी वसाहतींचा आरंभ मजूर पक्षाच्या राजवटींत झाला. कफार दारोम हें १९४६ सालीं स्थापिलेलें व १९४८ च्या युद्धांत सोडावें लागलेलें गांव १९७० सालीं पुन्हां वसविण्यांत आलें, व दोन वर्षांनीं नेत्सारीम येथें ठाणें पडलें. पुढें १९७७ सालीं मेनाकेम बेगिन यांचा लिकुद पक्ष अधिकारारूढ झाला. त्या मंत्रिमंडळांत शेतकी खातें व त्याबरोबरच वसाहतींच्या मंत्रि-समितीचें अध्यक्षपद ज्यांच्याकडे आलें, ते माजी सेनापति एरियल शॅरन हेच आमच्या कथेचे नायक होत. नकाशा पसरावा, टेकडी हेरावी आणि तेथें वस्ती उभी करावी, हें त्यांचें पुढील कित्येक वर्षांचें काम झालें. १९९८ सालीं परराष्ट्रमंत्री असतां तर त्यांनीं तरुणांस उघडपणें सांगितलें, कीं धांवा आणि मिळतील तितक्या टेकड्या ताब्यांत घ्या. वसाहतवाल्यांस हा पुरुष आपल्या बापाच्या ठिकाणीं वाटूं लागला, यांत नवल नव्हतें.

परंतु याच पुरुषाच्या हातून एकदां वसाहती उठलेल्याही होत्या. इजिप्तशीं १९७९ सालीं झालेल्या तहान्वयें सिनाईचें द्वीपकल्प परत द्यावयाचें ठरलें, आणि १९८२ च्या एप्रिलांत तेथील यामित हें नगर रिकामें करून जमीनदोस्त करण्यांत आलें. त्या वेळीं संरक्षणखातें शॅरन यांच्याकडे होतें. बेगिन यांनीं हा प्रश्न १९७८ च्या सप्टेंबरांत विधिमंडळापुढें, म्हणजे क्नेसेटपुढें, मांडला, तेव्हां ८४ विरुद्ध १९ मतांनीं तो मंजूर झाला. स्वपक्षांतील कित्येकांनीं विरुद्ध मत दिलें किंवा तटस्थता पत्करली; विरोधी मजूर पक्षाच्या मतांनीं ठरावास बळ आलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनीं तिचीच पुनरावृत्ति व्हावयाची होती. भेद एवढाच, कीं बेगिन यांच्या हातांत तहाचा कागद होता. एका बलाढ्य शत्रूशीं सख्य झालें, त्याची ही किंमत, असें ते लोकांस सांगूं शकत होते. शॅरन यांच्या हातांत असें कांहींच नव्हतें.

२००३ च्या जानेवारींत निवडणूक झाली. मजूर पक्षाचे पुढारी अम्राम मित्स्ना यांनीं गाझांतून एकतर्फी निघून यावें असें प्रतिपादन केलें. शॅरन यांनीं तें धुडकावून लावलें. नेत्सारीमचें भवितव्य तेंच तेल अवीवचें भवितव्य, असें ते आदल्याच वर्षीं म्हणाले होते. मतदारांनीं लिकुदला ३८ जागा दिल्या व मजूर पक्षास अवघ्या १९. त्याच वर्षाच्या १८ डिसेंबर रोजीं हर्झलिया येथील परिषदेंत शॅरन यांनीं एकतर्फी विलग होण्याची आपली योजना जाहीर केली, आणि २००४ च्या फेब्रुवारींत एका वृत्तपत्राजवळ गाझांतील १७ वसाहती उठविण्याचा बेत बोलून दाखविला. जी गोष्ट नको म्हणून लोकांनीं त्यांना निवडलें, तीच ते करूं निघाले!

हें मतांतर कां झालें? याचीं कारणें अनेक सांगतात, आणि आमच्या मतें त्यांपैकीं कोणतेंही एक पुरेसें नाहीं. गाझांत वसाहतवाले सुमारें ८ हजार आणि त्यांच्याभोंवतीं पॅलेस्टिनी सुमारें १३ लक्ष, हें गणित कोणासही दिसण्यासारखें होतें. कोट्यवधि नव्हे तरी लक्षावधि परक्या लोकांवर कायमचें राज्य करीत बसल्यास राज्य यहुदी व लोकसत्ताक अशीं दोन्ही बिरुदें एकाच वेळीं मिरवूं शकणार नाहीं, ही भीति त्या देशांत उजव्या पक्षांतही शिरली होती. मे २००३ मध्यें शॅरन यांनीं स्वपक्षीयांपुढें 'ताबा' हा शब्द उच्चारून सर्वांस चकित केलें होतें. शिवाय २००३ च्या अखेरीस बाहेरून व आंतून दडपण वाढलें होतें. कांहीं वैमानिकांनीं कामगिरी नाकारणारें पत्र लिहिलें. गुप्त पोलिसखात्याच्या चार माजी प्रमुखांनीं एकत्र येऊन धोक्याची सूचना दिली. खासगी रीतीनें तयार झालेला तहाचा मसुदा जिनीव्हा येथें जाहीर झाला. दुसऱ्याचा मसुदा गळ्यांत पडण्यापूर्वीं आपलाच मांडावा, असा हिशेब त्यांत असावा. त्यांचे विश्वासू सल्लागार डोव वाइसग्लास यांनीं तर २००४ च्या ऑक्टोबरांत स्पष्टच सांगून टाकलें, कीं पॅलेस्टिनी लोकांशीं चालावयाची राजकीय बोलणीं गोठवून ठेवणारें हें द्रव्य आहे. विरोधकांचा आक्षेप निराळा होता. शॅरन व त्यांच्या मुलांच्या आर्थिक व्यवहारांची त्या वेळीं चौकशी चालू होती. वसाहतवाल्यांचे एक प्रतिनिधि त्स्वी हेंडेल यांनीं म्हटलें, कीं जितकी खोल चौकशी तितकीच खोल ही उपटणी. मूळ हिब्रूंत हें वाक्य यमक साधणारें असल्यामुळें तोंडोतोंडीं झालें. २००४ च्या जूनमध्यें अॅटर्नी-जनरलनीं खटला न भरण्याचें ठरविलें, तरी तें वाक्य कांहीं पुसलें गेलें नाहीं.

आतां मूळ झगड्याकडे वळूं. १४ एप्रिल २००४ रोजीं शॅरन यांनीं वॉशिंग्टन येथें अध्यक्ष बुश यांच्याकडून पत्र मिळविलें. १९४९ च्या युद्धबंदी-रेषेवर संपूर्णपणें परत जाणें ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे, असा त्यांत उल्लेख होता. हा कागद घेऊन ते स्वपक्षाच्या सभासदांकडे गेले व २ मे रोजीं लिकुदच्या सभासदांचा कौल त्यांनीं मागितला. निकाल मान्य करूं असें ते आधीं म्हणाले होते. वसाहतवाल्यांनीं घरोघर फिरून, आपल्या मुलांबाळांसह दारांत उभें राहून मतदारांस विनविलें. मतदानाच्या दिवशींच गाझांत एका गर्भवती मातेची व तिच्या चार मुलींची बंदूकधाऱ्यांनीं हत्या केली. शेंकडा सुमारें ६० मतें योजनेविरुद्ध पडलीं. सर्वसाधारण जनतेचा कल मात्र योजनेकडे आहे, असें लोकमताच्या चाचण्या एकसारखें सांगत होत्या. एकाच मनुष्यास देशाचा होकार आणि पक्षाचा नकार, असा हा पेंच.

शॅरन यांनीं पक्षाचा कौल बाजूस सारला व प्रश्न मंत्रिमंडळांत नेला. तेथें २३ मंत्री होते, आणि हिशेब जुळेना. तेव्हां राष्ट्रीय ऐक्य पक्षाच्या आविग्दोर लीबरमान व बेनी एलोन या दोन मंत्र्यांस त्यांनीं बडतर्फ केलें. बडतर्फीचा अंमल ४८ तासांनीं सुरू व्हावयाचा असल्यामुळें पत्रच हातीं पडूं नये म्हणून एलोन कांहीं काळ दडून बसले! या प्रकाराला हंसावें कीं रडावें, हें वाचकांनींच ठरवावें. ६ जून रोजीं योजना १४ विरुद्ध ७ मतांनीं संमत झाली. तीही त्सिपी लिव्नी यांनीं घडवून आणलेल्या तडजोडीनें: तत्त्व आज मान्य करावें, पण प्रत्यक्ष वसाहती उठविण्याचा निर्णय पुढें वेगळ्या मतदानानें व्हावा. लगोलग राष्ट्रीय धार्मिक पक्षाच्या एका मंत्र्यानें व एका उपमंत्र्यानें राजीनामे दिले.

२६ ऑक्टोबर २००४ रोजीं क्नेसेटमध्यें मतदान झालें. योजनेच्या बाजूस ६७, विरुद्ध ४५ व तटस्थ ७. लिकुदच्या ४० सभासदांपैकीं २३ अनुकूल व १७ प्रतिकूल होते. म्हणजे बेगिन यांच्या वेळेप्रमाणेंच या वेळींही मुख्य प्रधानास विरोधी पक्षानें तारून नेलें. विरुद्ध मत देणाऱ्या उझी लांडाऊ व मिखाएल रात्सोन यांस त्याच दिवशीं बडतर्फीचीं पत्रें मिळालीं. अर्थमंत्री बेंजामिन नेतान्याहू यांनीं योजनेस मत दिलें, आणि तत्काळ राष्ट्रव्यापी सार्वमत न घेतल्यास राजीनामा देऊं असें धमकाविलें. पुढें तें धमकावणें विरून गेलें. १ डिसेंबर रोजीं अंदाजपत्रकावर निराळाच तंटा उपस्थित झाला. शिनुइ हा निधर्मी पक्ष, वसाहती उठविण्यास अनुकूल; परंतु कर्मठ धार्मिक पक्षास संस्थांसाठीं पैसे दिल्याच्या रागानें त्यानें विरुद्ध मत दिलें व त्याच्या मंत्र्यांची गच्छंती झाली. १० जानेवारी २००५ रोजीं शिमोन पेरेस यांचा मजूर पक्ष व तोच कर्मठ पक्ष यांना घेऊन बनविलेलें नवें मंत्रिमंडळ ५८ विरुद्ध ५६ मतांनीं उभें राहिलें. ज्यांना निवडणुकींत हरविलें, त्यांच्याच खांद्यावर बसून त्यांचीच योजना अंमलांत आणावयाची, असा हा विलक्षण योग होता.

यापुढील पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. १६ फेब्रुवारीस नुकसानभरपाईचा कायदा ५९ विरुद्ध ४० मतांनीं झाला. २० फेब्रुवारीस मंत्रिमंडळानें १७ विरुद्ध ५ मतांनीं अंमलबजावणी ठरविली. २८ मार्चला सार्वमताचें विधेयक ७२ विरुद्ध ३९ मतांनीं फेटाळलें गेलें. दुसऱ्याच दिवशीं शिनुइच्या साह्यानें अंदाजपत्रक संमत झालें. तें महिनाअखेर संमत न होतें, तर कायद्यानेंच नवी निवडणूक ओढवली असती. ९ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनीं १० विरुद्ध १ अशा बहुमतानें वसाहतवाल्यांचे अर्ज अमान्य केले. पक्ष, मंत्रिमंडळ, विधिमंडळ, न्यायालय, अशा चारही दारांवर प्रश्न वाजवून झाला, आणि पहिलें दार सोडून बाकीचीं सारीं उघडलीं.

या ठिकाणीं वसाहतवाल्यांच्या बाजूचाही न्यायबुद्धीनें विचार करणें अवश्य आहे. त्यांच्यांत कडवे होते, आणि शेजारच्या छावण्यांतील लक्षावधि लोकांचें अस्तित्वच ज्यांना दिसत नव्हतें असेही होते. तथापि ते चोरपावलांनीं तेथें गेले नव्हते. सरकारनेंच त्यांना नेलें होतें. आत्स्मोना हें गांव मूळचें सिनाईंतलें. १९८२ सालीं तेथून उठविलें गेल्यावर तें गाझांत येऊन वसलें, आणि आतां तेथूनही त्यास उठावें लागत होतें. पट्टीच्या उत्तर टोंकास यामितहून उठलेल्या लोकांनींच एली सिनाई हें गांव वसविलें होतें. त्या नांवांतच सिनाईकडे परतण्याची आस होती. एकाच हातानें दोनदां वसविलेल्या आणि दोनदां उठविलेल्या मनुष्यास सरकारच्या शब्दावर भरंवसा उरला नाहीं, तर त्याला दोष कसा द्यावा? त्यांनीं नारिंगी रंग हें आपलें चिन्ह केलें. मोटारींवर, मनगटांवर, झाडांवर नारिंगी फिती झळकूं लागल्या. योजनेच्या पुरस्कर्त्यांनीं निळ्या फिती काढल्या. २००४ च्या जुलैंत गाझापासून जेरुसलेमपर्यंत हातांत हात गुंफून माणसांची सांखळी उभारण्यांत आली. पुढील वर्षाच्या जुलैंत हजारों लोक गाझाकडे चालून निघाले, आणि कफार मैमोन या खेड्यांत पोलीस व लष्कर यांनीं त्यांना कोंडून धरलें. अनर्थ ओढवणार असें वाटत असतां तिसऱ्या दिवशीं पुढाऱ्यांनीं कुंपण न मोडतां लोकांस घरीं परतविलें. माजी मुख्य धर्मगुरु अव्राहाम शपिरा यांनीं सैनिकांस हुकूम न मानण्याची आज्ञा केली होती. तीही बहुसंख्यांनीं पाळली नाहीं. दहा वर्षांपूर्वींच, १९९५ सालीं, मुख्य प्रधान यित्झाक राबिन यांचा एका यहुद्यानेंच खून केला होता. त्याची आठवण दोन्ही बाजूंस होती, आणि आमच्या समजुतीनें तिनेंच दोघांचेही हात आंवरले.

७ ऑगस्ट रोजीं पहिल्या टप्प्याच्या मतदानाच्या वेळीं नेतान्याहू यांनीं राजीनामा दिला. १५ ऑगस्टला मुदत भरली, १७ रोजीं बळानें उठविण्यास आरंभ झाला. कोठें शिपाई आणि घरमालक एकमेकांच्या गळ्यांत पडून रडत होते, तर कफार दारोमच्या प्रार्थनामंदिराच्या छपरावरून तरुण खालच्या पोलिसांवर नाना द्रव्यें ओतीत होते. २२ ऑगस्टला नेत्सारीम रिकामें झालें. तेंच नेत्सारीम, ज्याची तुलना तेल अवीवशीं झाली होती. दुसऱ्या दिवशीं पश्चिम तीरावरील वसाहती उठल्या, आणि १२ सप्टेंबरला शेवटचा सैनिक गाझांतून बाहेर पडला. यादवी टळली असें त्या वेळीं सर्वांनीं म्हटलें, आणि तें खरेंही होतें. परंतु ४ ऑगस्ट रोजीं पलटणींतून पळालेल्या एका सैनिकानें शफाराम येथें बसगाडींतील चार अरब नागरिकांस ठार केलें, व १७ ऑगस्टला शिलो येथें एका वसाहतवाल्यानें चार पॅलेस्टिनी मजुरांचा जीव घेतला. यहुद्यांच्या या घरगुती भांडणांत रक्त सांडलें तें अरबांचें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे. शॅरन यांनीं कायदा मोडला काय? मुळींच नाहीं. प्रत्येक पायरी नियमानुसार होती, आणि बहुमतही खरें होतें. सार्वमताची मागणी ही मुख्यतः काळ काढण्याची युक्ति होती, हें त्यांचें म्हणणेंही निराधार नव्हतें. त्या देशांत तोंवर राष्ट्रव्यापी सार्वमत कधीं झालेलेंच नव्हतें. परंतु जेथें मत मिळेना तेथें त्यांनीं मन वळविलें नाहीं. मत देणारे बदलले. सभासद वळले नाहींत, तर सभासदांस वगळलें. मंत्री वळले नाहींत, तर मंत्री काढले. सहकारी पक्ष गेले, तर दुसरे आणले. मतें मोजलीं गेलीं, पण वाद संपला नाहीं. ज्या पुरुषानें तीस वर्षें एक गोष्ट शिकविली, त्यानें ती कां सोडली, हें आपल्या शिष्यांस बसवून समजाविण्याचें ऋण त्याच्यावर होतें. तें त्यानें फेडलें नाहीं. ज्या पॅलेस्टिनी लोकांच्या भूमीचा हा प्रश्न, त्यांना तर कोणींच विचारलें नाहीं. ११ नोव्हेंबर २००४ रोजीं यासर आराफात वारले व जानेवारींत महमूद अब्बास निवडून आले. तरी योजना एकतर्फीच राहिली. अब्बास यांच्या हातीं बोलण्याचें फळ म्हणून दाखवावयास कांहीं पडलें नाहीं. बंदूकवाल्यांनीं मात्र हा आपलाच विजय म्हणून मिरविला.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. नोव्हेंबर २००५ मध्यें शॅरन स्वतः स्थापिलेल्या लिकुदमधून बाहेर पडले व त्यांनीं कादिमा पक्ष काढला. ४ जानेवारी २००६ रोजीं त्यांना मेंदूचा झटका आला. आठ वर्षें बेशुद्धावस्थेंत काढून ते २०१४ सालीं वारले. मार्च २००६ च्या निवडणुकींत कादिमास २९ व लिकुदला केवळ १२ जागा मिळाल्या, म्हणजे मतदारांनीं मागाहून होकारच दिला. परंतु तत्पूर्वीं दोनच महिने हमासनें पॅलेस्टिनी विधिमंडळांतील १३२ पैकीं ७४ जागा जिंकल्या होत्या, व २००७ च्या जूनमध्यें गाझा बळानें आपल्या ताब्यांत घेतली. उठविलेले लोक वर्षानुवर्षें तात्पुरत्या घरांतून राहिले, आणि सरकारनें त्यांच्या बाबतींत कर्तव्यांत कसूर केली, असा ठपका अधिकृत चौकशी-मंडळानें २०१० सालीं ठेविला. २०१४ सालीं क्नेसेटनें मूलभूत कायदा केला, कीं राज्याच्या कायद्याखालील भूमि यापुढें सोडावयाची झाल्यास ८० सभासदांची संमति किंवा सार्वमत पाहिजे. २००५ सालीं जें मागून मिळालें नाहीं, त्याचाच हा उत्तरार्ध. २०२३ च्या मार्चमध्यें पश्चिम तीरावरील त्या चार वसाहतींपुरता जुना कायदा रद्द झाला. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील हमासच्या भीषण हल्ल्यानंतर व गाझावर कोसळलेल्या विध्वंसक युद्धांत, तेथें पुन्हां वसाहती कराव्या अशी सभा जानेवारी २०२४ मध्यें जेरुसलेम येथें भरली. तींत मंत्रीही उपस्थित होते.

म्हणजे १५ ऑगस्ट २००५ रोजीं जो वाद मिटला असें वाटलें, तो मिटला नव्हता. केवळ मोजला गेला होता. आम्ही वसाहती उठविण्याच्या निर्णयास चुकीचा म्हणत नाहीं. मूठभरांच्या वस्तीसाठीं लक्षावधींस कोंडून ठेवणारी व्यवस्था मोडलीच पाहिजे होती. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जें चुकीनें बांधलें तें मोडतांना बांधणाऱ्यानें आपली चूक चारचौघांत कबूल केली पाहिजे. शॅरन यांनीं घरें पाडलीं, पण तीं बांधणें हीच चूक होती असें ते शेवटपर्यंत म्हणाले नाहींत. म्हणूनच, भिंती गेल्या तरी पाया तसाच राहिला, आणि त्यावर पुन्हां भिंती उभारूं पाहणारे वीस वर्षांच्या आंत पुढें आले.